भोपळ्याचे स्ट्रक्चरल ऑडिट

मीरा-भाईंदर या आमच्या महानगराचा इतिहास दोन खंडांत मावतो. पहिला खंड पोर्तुगीजांच्या घोडबंदरच्या किल्ल्यापासून सुरू होऊन 1739 साली, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम फत्ते होताच, समाप्त होतो. आणि दुसरा 1985 साली, नगरपालिकेची स्थापना होते तेव्हा, आरंभ पावतो. मधल्या सुमारे अडीचशे वर्षांत या भूमीवर आगऱ्यांनी भात पिकविला, मिठागरांत मिठाचे ढीग रचले गेले आणि उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत राहिले. परंतु या तिन्ही व्यवहारांचे मोजमाप चौरस फुटांत होत नसल्यामुळे त्यांची बयाजवार नोंद ठेवण्याचे कारण कोणास पडले नाही. परिणामी, आमच्याकडे कोणतीही वास्तू एकतर किल्ला असते किंवा पुनर्विकासास पात्र असते. इमारतीस तीस वर्षे पूर्ण झाली, की कायद्याने तिची संरचनात्मक तपासणी, जिला आमच्या जिन्यातील आबालवृद्ध 'स्ट्रक्चरल ऑडिट' म्हणतात, करून घ्यावी लागते. आणि ज्या वयात मुलाचे लग्न अजून जमत नाही म्हणून आईबापांच्या जिवाला घोर लागतो, त्याच वयात आमच्या इमारती अतिधोकादायक ठरून जमीनदोस्त होण्याच्या मार्गाला लागतात.

अशा या नगरीत, खाडीच्या अंगाला, एका चारमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, त्या इमारतीच्या दुपटीहून अधिक वयाचा एक तंबोरा आमच्या बैठकीच्या खोलीत वास्तव्य करून आहे. तो मूळ आमच्या आत्याबाईंचा. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात, मुलीला गाणे शिकविणे हे धाडसाचे व न शिकविणे हे मागासलेपणाचे समजले जाऊ लागले होते, त्या संधिकाळात आमच्या आजोबांनी दोन्ही आक्षेपांची तजवीज म्हणून मिरजेहून एक जनानी तंबोरा मागविला आणि आत्याबाईंना तो फक्त मागल्या खोलीत वाजविण्याची परवानगी दिली. आत्याबाई चांगल्या गात असत असे सर्वजण सांगतात. सांगणाऱ्यांपैकी त्यांचे गाणे कोणी ऐकले होते असे मात्र रुजुवातीत निष्पन्न होत नाही. गिरगावातली चाळ गेली, दादरची जागा भाऊबंदकीत गेली, आणि कुटुंब पश्चिम रेल्वेच्या एकेका स्थानकाने उत्तरेकडे सरकत भाईंदरला पोहोचले, तेव्हा बाकीच्या वस्तू वाटणीत ज्याच्या त्याच्याकडे गेल्या व जो कोणालाच नको होता तो तंबोरा माझ्याकडे आला.

तंबोऱ्याचे एकंदर कार्य काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना समजावून सांगणे कठीण आहे. तो राग वाजवीत नाही, ताल धरीत नाही, तान घेत नाही, आणि मैफलीच्या शेवटी टाळ्या पडतात तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. त्याला चार तारा असतात: पंचमाची एक, षड्जाची पोलादी जोडी आणि खर्जाची एक पितळी; या चार तारा संथपणे, एकीमागून एक, छेडावयाच्या, संपल्या की पुन्हा पहिलीपासून आरंभ करावयाचा, आणि गवयाचे गाणे संपेपर्यंत यात तिळमात्र फरक होऊ द्यावयाचा नाही. माझी उमेदीची सर्व वर्षे महसूल खात्यात गेल्यामुळे मला या वाद्याविषयी प्रथमपासूनच आपलेपणा वाटत आला आहे. कलेक्टर येतात, जातात, कोणी द्रुत लयीत कारभार हाकतो तर कोणी विलंबितात. पण दप्तराच्या मागे खर्ज लावून बसलेला अव्वल कारकून जो एकच शेरा पिढ्यान्पिढ्या मारीत असतो, त्याच्याच आधाराने तो कारभार सुरात राहतो. तंबोरा हा संगीताच्या कचेरीतील अव्वल कारकून होय, आणि दोघांविषयीही लोकांची समजूत हीच, की हा काही करीत नाही.

आमच्या घरात गाणारे कोणी नसले, तरी तंबोऱ्यावर मत नसलेले कोणी नाही. येणारा प्रत्येक पाहुणा "सतार कोण वाजवतं?" असे विचारतो, आणि ही सतार नसून तंबोरा आहे, एवढे सांगून होईपर्यंत त्याचा चहा निवतो. गणपतीत त्याच्या दांडीला तोरणाचे एक टोक बांधले जाते, पावसाळ्यात त्याच्या खुंट्यांवर हातरुमाल वाळतात, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या दिवशी, झेंडूचे फूल वाहून सर्वजण त्याच्यापुढे हात जोडतात, ज्यात मागील वर्षभराच्या हातरुमालांबद्दलची क्षमायाचना अंतर्भूत असावी असा माझा समज आहे.

भाईंदरचे हवामान तंबोऱ्याला मानवणारे नाही. तीन बाजूंना खाडी व समुद्र, वाऱ्यात मीठ, आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतींना सुटलेला घाम. या वातावरणात पोलादी तारेला गंज चढतो, लाकूड फुगते, थंडीत पुन्हा आकसते, आणि सांधे जे एकदा ढिले होतात ते ढिलेच राहतात. एका श्रावणात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, घरात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. उठून पाहतो तो जोडीची एक तार तुटून लोंबत होती, भोपळा जेथे दांडीला मिळतो त्या गुळूचा सांधा उघडा पडला होता, आणि भोपळ्याच्या पाठीवर वितभर लांबीची एक तड गेली होती. योगायोग असा, की त्याच पंधरवड्यात आमच्या इमारतीचेही स्ट्रक्चरल ऑडिट झाले आणि तिच्याही पाठीवर तड गेल्याचे अभियंत्यांनी लेखी कळविले. मजकूर इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्यायोग्य, या वर्गात दाखल झाली.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. भाईंदर पूर्वेकडे असे कारखाने अनेक आहेत, आणि दिवसभर त्यांतून भांड्यांना चकाकी देणाऱ्या यंत्रांचा जो अखंड घोष उठत असतो, तो काळी चारच्या जवळपासचा असून तंबोऱ्याची उणीव परिसरास भासू देत नाही. सेक्रेटरी इमारतीच्या कागदांवर सही घेण्यासाठी आले असता त्यांनी जखमी तंबोऱ्याची पाहणी केली, बोटाच्या पेराने भोपळा वाजवून पाहिला, आणि आत काही नाही अशी खातरजमा झाल्यावर म्हणाले, "साहेब, हा भोपळा काढून टाका ने. मी स्टीलचा करून देतो. लाइफटाइम गॅरंटी!" या सूचनेमागील सद्‌भाव निर्विवाद होता. शिवाय ज्या वस्तूचा मुख्य घटक भाजी आहे ती वस्तू ऐंशी वर्षे टिकते आणि सिमेंट-लोखंडाची इमारत चाळिशीही गाठत नाही, या वस्तुस्थितीने एक कारखानदार म्हणून ते अस्वस्थ झाले असणे स्वाभाविक होते.

माझ्या नातवाने निराळा मार्ग सुचविला. त्याच्या मोबाइलमध्ये एक तंबोरा आहे, जो फुकट मिळतो, कोणत्याही पट्टीत लागतो आणि बंद करण्यास सांगितले की बंद होतो. मी या यंत्राचा द्वेष करीत नाही. 1979च्या सुमारास बंगळुरूच्या एका अभियंत्याने विजेवर चालणारा तंबोरा प्रथम तयार केला, तेव्हापासून असंख्य विद्यार्थ्यांची आणि मागे तंबोऱ्यावर बसविल्या जाणाऱ्या असंख्य भाचे मंडळींची त्याने सोडवणूक केली आहे. परंतु नातवाला मी रामन यांचा हवाला दिला. ज्यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 सालीच तंबोरा व वीणा यांच्याविषयी निबंध लिहून एक मोठी मौजेची गोष्ट सिद्ध केली होती. तार एखाद्या ठरावीक बिंदूवर छेडली, तर त्या बिंदूशी निगडित असलेला उपस्वर तिच्यातून उमटता कामा नये, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम. आमच्या तंबोऱ्यात तो उपस्वर खुशाल उमटतो. कारण तार ज्या घोडीवरून जाते ती धारदार नसून सपाट आणि किंचित वाकदार असते, व कंप पावणारी तार तिला क्षणोक्षणी स्पर्श करीत, सोडीत राहते. एका वाद्याने भौतिकशास्त्राचा कायदा मोडला आणि चौकशीअंती ते निर्दोष सुटले, हे ऐकून नातवाच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. त्याने विचारले, "मग हे ॲपमध्ये पण येतं का?" मी त्याला दरखास्त रामन यांच्याकडे पाठविण्यास सांगितले.

तात्पर्य, तंबोरा मिरजेला न्यावयाचे ठरले. वाद्य जेथे जन्मले तेथेच त्याचे बाळंतपण निस्तरावे, असा सौभाग्यवतींचा निर्णय होता, आणि आमच्या घरात त्या निर्णयावर अपील चालत नाही.

संध्याकाळच्या वेळी भाईंदरहून दादरकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी नसते, कारण सारी मुंबई त्या वेळी उलट दिशेने आमच्याकडे येत असते. त्यामुळे तंबोऱ्याला मालडब्यात उभे राहावयास जागा मिळाली. मळलेल्या रजईत गुंडाळलेली, साडेचार फूट उंचीची, खाली फुगीर व वर निमुळती अशी ती आकृती पाहून सहप्रवाशांनी तर्क लढविले आणि एकाने तर आदराने जागा करून देत "आजींना बसवा" असेही सुचविले. पुढे एका मोठ्या स्थानकावर रेल्वेच्या कर्मचाऱ्याने आम्हांस अडविले. मजकूर वस्तू कोणत्या सदराखाली मोडते, हा त्याचा प्रश्न होता. लाकूड म्हणावे तर भोपळा दिसत होता, आणि भोपळा म्हणावे तर तो नाशवंत मालात जाऊन त्यास निराळा दर लागू होत होता. मी आयुष्यभर हेच करीत आल्यामुळे त्याच्या अडचणीशी मी पूर्णपणे समरस झालो. दोघांनी मिळून वस्तुस्थितीचा सांगोपांग विचार केला आणि शेवटी 'घरगुती सामान, फुटके' या वर्णनावर आमचा तह झाला. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही पहाटे मिरजेस पोहोचलो.

मिरजेला दूरदूरची माणसे दोन कारणांसाठी येतात: स्वतःच्या दुरुस्तीसाठी आणि वाद्याच्या दुरुस्तीसाठी. 1890च्या दशकात डॉक्टर वानलेस यांनी मिशनचे इस्पितळ येथे उभारल्यापासून या गावाचे वैद्यकीय माहात्म्य वाढतच गेले, आणि पहाटे स्थानकावर उतरणाऱ्या उतारूंमध्ये एखादा पाय प्लास्टरमध्ये व एखादी सतार गवसणीत असे दृश्य नित्याचे असल्यामुळे रिक्षावाल्याने मला फक्त "दवाखाना का सतारमेकर गल्ली?" एवढेच विचारले.

या गल्लीची हकीगत मोठी वाचनीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरज संस्थानचे अधिपती पटवर्धन हे संगीताचे भोक्ते असल्यामुळे त्यांच्या दरबारी उत्तरेकडील गवई व बीनकार येत. परंतु त्यांची वाद्ये प्रवासात नादुरुस्त झाली तर ती नीट करणारा कारागीर या मुलखात नव्हता. गावात शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार व झिलई देणारे लोक. इंग्रजी अंमल पक्का झाल्यापासून तलवारीचा उपयोग दसऱ्याखेरीज कोणास उरला नव्हता, आणि शिकलगारांचा हात रिकामा होता. त्यांच्यापैकी फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या बंधूंच्या स्वाधीन दरबारातील नादुरुस्त वाद्ये झाली. त्यांनी ती उकलून पाहिली, दुरुस्त केली, आणि 1850च्या सुमारास स्वतःच तंबोरे व सतारी घडवावयास आरंभ केला. वंशजांनी आडनावच सतारमेकर लावले. एका पिढीने जी कानस तलवारीवर चालविली तीच पुढील पिढ्यांनी घोडीवर चालविली, आणि संस्थान खालसा झाले, राजे गेले, तनखे गेले, तरी ही गल्ली आपल्या जागी राहिली. 2024 साली सरकारने मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन बहाल केले. म्हणजे जी सनद फरीदसाहेबांना दरबारातून मिळावयाची ती त्यांच्या वंशजांना पावणेदोनशे वर्षांनी मिळाली, आणि सरकारी कामाचा एकंदर वेग जाणणारा मी, यात विलंब झाला असे म्हणावयास धजत नाही.

माझी गाठ पडली ते कारागीर सत्तरीच्या घरातले असून सारी गल्ली त्यांना चाचा म्हणत होती. दुकान म्हणजे दोन खणांची जागा. वरच्या तुळयांना भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या उभ्या, खाली भुसा, आणि चपड्या लाखेच्या पॉलिशचा तो वास, जो नाकात गेला की पुढे दोन दिवस चहालाही येतो. चाचांनी रजई सोडली, तंबोरा आडवा मांडीवर घेतला आणि कोणत्याही अभियंत्याने आमच्या इमारतीस दिला नव्हता इतका वेळ त्याच्या तपासणीस दिला. भोपळा चहूबाजूंनी ठोकून ऐकला. दांडी डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहिला. तबलीवर अंगठा दाबून ती किती बसली आहे याचा अंदाज घेतला. खुंट्या एकेक फिरविल्या. आणि मग भोपळ्यावरील कोरीव पानाची नक्षी उजेडाकडे धरून बराच वेळ गप्प राहिले.

"हे आमच्या चुलतआजोबांच्या हातचं पान आहे," ते म्हणाले.

मी सद्गदित झालो. इतक्या वर्षांनी तंबोऱ्याला आपल्या माहेरचे माणूस भेटले, या कल्पनेने डोळ्यांत पाणी येण्याच्या बेतात असतानाच चाचा पुढे म्हणाले, "इथं घाई केलीय त्यांनी. बघा, शिरा नीट उतरल्या नाहीत. त्यांचं असंच होतं. आमच्या आजोबांनी कधी असं पान सोडलं नसतं." यानंतर त्यांनी चुलतआजोबांच्या कामातील सर्व उणिवांची कैफियत क्रमवार सादर केली. दोन भावांत बोलाचाल नव्हती, दुकाने समोरासमोर होती, आणि त्या काळातील मतभेद अद्याप निकाली निघाला नसून माझा तंबोरा हा त्यातील एक दस्तऐवज आहे, असे माझ्या ध्यानात आले. तथापि गुळूचा सांधा उघडून आत पाहिल्यावर चाचांचा आवाज खाली आला. "सांधा मात्र बसवावा तर त्यांनीच," ते म्हणाले आणि पोराला हाक मारून तो सांधा दाखविला. ज्या शत्रुपक्षाची निंदा अर्धा तास चालली होती, त्याचे हस्तकौशल्य पाहण्यासाठी समोरच्या दुकानातील माणसेही बोलावली गेली.

मग चाचांनी निकाल दिला. "साहेब, ह्याला काही झालं नाही. उभा ठेवला आणि वाजवला नाही, एवढंच झालंय."

सी-1 तर नव्हेच. पालिकेच्या परिभाषेत हा सी-3 होता, किरकोळ दुरुस्तीचा.

येथे मला माझ्या कुटुंबीयांनी दिलेला कागद बाहेर काढावा लागला. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असल्यामुळे घरातील सर्वांना मागण्या मांडण्याची सवय जडली होती आणि तंबोऱ्याच्या बाबतीतही त्यांनी ती सोडली नव्हती. सौभाग्यवतींना पॉलिश नवे व चकचकीत हवे होते. सूनबाईंच्या मते लाकडी खुंट्या घसरतात, म्हणून त्या काढून गिटारीला असतात तशा धातूच्या किल्ल्या बसवाव्यात. चिरंजीवांनी, दुरुस्ती करावयाचीच तर भोपळा थोडा मोठा करून घेता येईल का, म्हणजे वाढीव क्षेत्रफळ मिळेल का, अशी पृच्छा केली होती. चाचांनी कागद शांतपणे ऐकून घेतला. पॉलिशच्या मागणीवर ते म्हणाले, जुने खरवडले तर आवाजही खरवडला जाईल, फक्त पुसून वर हलका हात देऊ. किल्ल्यांच्या मागणीवर म्हणाले, खुंटी घसरते कारण तिला कोणी हात लावीत नाही. आणि खडूची पूड लावून त्यांनी एक खुंटी अशी बसविली की ती मला फिरवता येईना. भोपळा मोठा करण्याच्या मागणीवर ते काही बोलले नाहीत. वर टांगलेल्या भोपळ्यांकडे त्यांनी फक्त बोट दाखविले.

त्या भोपळ्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. हे भोपळे भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकतात. चवीला कडू असल्यामुळे माणूस त्यांना खात नाही, कीडही सहसा लागत नाही, आणि वेलीवरच ते मोठे होत, कठीण होत, पडून राहतात. ज्या मातीत वारकऱ्याची वीणा तयार होते त्याच मातीत किराणा घराण्याचा तंबोराही, ही बाब मला फार गोड वाटते. शेतकरी ते वाळवितो, सतारमेकर ते पारखून घेतो, आकार पाहून अमुक भोपळा सतारीचा, तमुक तंबोऱ्याचा, असे ठरवितो, पाण्यात भिजवून मऊ करून कापतो, आतला गीर व बिया काढतो आणि मग पुन्हा सावकाश सुकू देतो. लाकूडही असेच वर्षानुवर्षे पडून सुकावे लागते. या धंद्यातील मुख्य भांडवल थांबण्याचे आहे. आमच्याकडे मात्र इमारतीचा पहिला मजला बांधून होण्याआधी चौथा मजला विकलेला असतो.

काम चालू असताना मी दर्ग्यात जाऊन आलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या या दर्ग्याच्या आवारातच उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत. 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना एका लहानशा स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांना मिरजेस आणून येथे दफन करण्यात आले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गायनसेवेला मोठमोठे कलावंत हजेरी लावीत आले आहेत. खाँसाहेब केवळ गात नसत, वाद्यदुरुस्तीही स्वतःच्या हाताने करीत, आणि सुराविषयी त्यांचा कान इतका तिखट होता की त्यांच्या वास्तव्याने गल्लीतील कारागिरांना जवारीच्या बाबतीत आळस करण्याची सोय राहिली नाही. गिऱ्हाईक इतके जाणते असावे, की कारागिराला त्याची धास्ती वाटावी. माझ्याबद्दल चाचांना तशी धास्ती वाटत नव्हती, हे मी परत आलो तेव्हा मला विचारण्यात आलेल्या "चहा घेणार का अजून?" या प्रश्नावरून स्पष्ट झाले.

सांधा बसला होता, भोपळ्याची तड आतून भोपळ्याच्याच तुकड्याने सांधली गेली होती, तबली वर आली होती. नक्षीतला एक पांढरा तुकडा हस्तिदंताचा तर नव्हे, आणि असल्यास 1972च्या वन्यजीव अधिनियमाखाली मी कोठपर्यंत जबाबदार ठरतो, ही माझी शंका चाचांनी नखाने खरवडून "सेल्युलॉइड" अशा एकाच शब्दात निकाली काढली. आजोबांनी या खरेदीत काटकसर केल्याचा पुरावा यायोगे उजेडात आला. आता जवारी उरली होती.

जवारी काढणे म्हणजे घोडीचा माथा कानशीने घासून असा करणे, की तार तिच्यावरून जाताना ना घट्ट बसेल ना सुटी राहील. वर्षानुवर्षे तार एकाच जागी घासून घोडीवर खाचा पडतात, आणि खाच पडली की स्वर बोथट होतो. चाचांनी तार बाजूला सारली, कानस एकदा फिरविली, तार पुन्हा जागेवर आणली, छेडली, ऐकली, आणि डोळे मिटून बसले. मग पुन्हा तेच. पोरगा बाहेर क्रिकेट बघत होता, रिक्षा भोंगे वाजवीत होत्या, समोरच्या दुकानात कोणीतरी सतारीच्या पडद्यांना ताती बांधीत होते. चाचा त्या एका तारेखेरीज कशालाही हजर नव्हते. माझ्या कानाला पहिल्या आवाजात आणि दहाव्या आवाजात फरक कळेना. अकराव्या वेळी मात्र तार छेडली गेली ती थांबेचना; षड्जातून पंचम, पंचमातून गंधार, आणि गंधारावर काहीतरी रुपेरी, ज्याला मी नाव देऊ शकत नाही, असे एकातून एक निघत राहिले. चाचांनी तारेखाली सुताचा एक धागा सरकविला, किंचित मागेपुढे केला, आणि तो गंधार जास्तच उजळला. कानशीतून निघालेली पूड त्यांनी फुंकर मारून उडविली. दुपारभर खपून त्यांनी घोडीवरून जे काही काढले त्याचे वजन सोनाराच्या काट्यालाही लागले नसते, आणि बिलात सर्वांत मोठी रक्कम 'जवारी' या सदरापुढेच होती. काहीतरी घातल्याबद्दल पैसे मोजण्याची मला सवय आहे; नेमके किती काढावयाचे व कोठे थांबावयाचे हे ठाऊक असल्याबद्दल मेहनताना मी प्रथमच दिला, आणि तो वाजवी होता.

परत आल्यावर तंबोरा लावून दिवाणखान्यात ठेवला. तो आता रोज वाजवावा लागतो, कारण चाचांची तशी ताकीद आहे. त्यामुळे जेवणानंतर अर्धा तास मी त्याच्या चार तारा छेडीत बसतो, सौभाग्यवती भाजी निवडतात, आणि कोणीही गात नाही. पहिल्या आठवड्यात सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. वरच्या मजल्यावर कोणाला तरी इमारत थरथरत असल्याचा भास झाला होता, आणि सी-1 वर्गातील इमारतीत असा भास दुर्लक्षिण्यासारखा नव्हता. मी त्यांना थरथरीचे उगमस्थान दाखविले. त्यांनी कान जवळ नेला, बराच वेळ नेलेलाच ठेवला, आणि स्टीलच्या भोपळ्याचा विषय पुन्हा काढला नाही. जाताना दुरुस्तीचा खर्च किती आला ते विचारले; आकडा ऐकून, आमच्या ऑडिटच्या अभियंत्याला दिलेल्या रकमेशी त्यांनी तो मनातल्या मनात ताडून पाहिला असावा, कारण ते दारातून परत फिरले. हे मिरजेचे गृहस्थ इमारती पाहतात का, असे त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारले.

मीही तितक्याच गंभीरपणे चाचांना फोन लावला आणि सर्व मजकूर निवेदन केला. ते हसले नाहीत. इमारतीचे वय, तड कोठे आहे, ती उभी आहे की आडवी, हे सर्व त्यांनी विचारून घेतले आणि मग म्हणाले, "बांधायच्या आधी माल किती वर्षं सुकवला होता, तेवढं विचारून सांगा."

सेक्रेटरींनी हा प्रश्न विशेष सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. गणपूर्तीअभावी ती सभा तूर्त तहकूब आहे.